पावसाळ्यात गोलबॉलची प्रॅक्टिस घरात: आवाजावरचं ट्रेनिंग किट तीन महिने वापरून झालं, त्याचा अनुभव

मृग लागला की आमच्याकडे मैदान संपतं ते थेट दसऱ्यापर्यंत. मी मालवण तालुक्यातली, आचऱ्याजवळच्या गावातली, पूर्ण अंध म्हणजे खेळाच्या भाषेत बी-वन, आणि गोलबॉल खेळते, लेफ्ट विंगला. कॉलेजची वर्षं पुण्यात हॉस्टेलवर काढली तिथे खेळ शिकले, टीम मिळाली, आठवड्यात तीन दिवस कोर्ट मिळायचं. पदवी झाली, घरी आले आणि सगळं थांबलं. कारण गोलबॉल एकटीने खेळता येत नाही, समोरून कोणीतरी बॉल टाकावा लागतो आणि तो टाकणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणी पुण्याला. मागचा पावसाळा मी नुसते पुशअप आणि दोरीच्या उड्या मारून काढला, नंतर कॅम्पला गेले तेव्हा हातपाय ठीक होते पण कान गेले होते, म्हणजे ऐकू येत होतं सगळं पण बॉल कुठे येतोय हे कळायला उशीर होत होता. त्या कॅम्पहून रडत परत आले होते. म्हणून यंदा जूनच्या आधीच हे किट मागवलं आणि आता तीन महिने रोज वापरून लिहितेय, कारण मी विकत घेताना मराठीत कोणीच काही लिहिलेलं सापडलं नव्हतं.

ज्यांना गोलबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा खेळ दुसऱ्या कुठल्या खेळावरून अंधांसाठी बेतलेला नाही, मुळातच आपल्यासाठी केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात नजर गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये एका ऑस्ट्रियन आणि एका जर्मन माणसाने मिळून काढला, १९७६ च्या टोरांटो पॅरालिम्पिकपासून तो मेडलचा खेळ आहे आणि बायकांचा १९८४ पासून. कोर्ट १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, आणि गोल म्हणजे ती अख्खी ९ मीटरची बाजू. दोन्हीकडे तीन तीन खेळाडू. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, थोडंफार दिसणाऱ्यांच्याही, त्यामुळे बी-वन बी-टू बी-थ्री सगळे एका पातळीवर येतात. बॉल सव्वा किलोचा, रबरी, आत घुंगरं, आणि तो जमिनीवरून सरपटत टाकायचा. आपण आडवं पडून अंगाने अडवायचा आणि १० सेकंदांच्या आत परत टाकायचा. रेफ्री क्वाएट प्लीज म्हणाला की हॉलमधला पंख्याचा आवाज पण ऐकू येईल इतकी शांतता लागते, उगाच आवाज केला तर पेनल्टी बसते. म्हणजे कान हेच सगळं.

आता वेग बघा. चांगला टाकणारा बॉल ताशी ६० किलोमीटरने येतो, त्याहून जास्तही येतो. ६० ने धरला तरी १८ मीटर कापायला एक सेकंद लागतो फक्त. त्या एका सेकंदात ऐकायचं, ओळखायचं, आणि आडवं पडायचं. आणि समोरच्या टोकाचा गोल जरी ९ मीटर रुंद असला तरी माझ्या जागेवरून मधोमध बघितलं तर डावीकडचं टोक आणि उजवीकडचं टोक दोन्ही साधारण १४-१४ अंशांवर येतात, सगळा खेळ त्या एवढ्याशा फटीत. एक अंश चुकला म्हणजे तिकडे १८ मीटरवर फूटभर चूक. हे गणित मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर भूमिती आवडली असती.

तर किट. एक अ‍ॅप, एक डोक्याला बांधायचा पट्टा ज्यात छोटा सेन्सर आहे, आणि तीन महिन्यांची वर्गणी. सगळं मिळून मला साडेचार हजार पडले, हेडफोन वेगळे. कंपनी लहान आहे, नाव इथे लिहीत नाही कारण काही तक्रारी पण लिहिणार आहे आणि ते लोक अजून सुधारणा करतायत. अ‍ॅप हेडफोनमध्ये समोरून येणाऱ्या बॉलचा आवाज वाजवतं आणि तो ऐकून आपण आडवं पडायचं. सेन्सर काय करतो, तर डोकं किती वळलं ते फोनला सांगतो. समजा समोरून बॉल येतोय आणि मी मान डावीकडे वळवली तर बॉलचा आवाज उजव्या कानाकडे सरकायला हवा, खऱ्या जगात तसंच होतं ना. साध्या हेडफोनमध्ये तसं होत नाही, मान कुठेही फिरवा आवाज डोक्याला चिकटून सगळीकडे येतो. या पट्ट्यामुळे बॉल खोलीत एका जागी राहतो आणि मी हलते. हा एवढा एक फरक समजला की या किटचं सगळं कौतुक त्यातच आहे हे कळेल.

पहिला आठवडा मात्र फुकट गेला आणि तो माझ्या भावाच्या वायरलेस हेडफोनमुळे. ब्लूटूथवर आवाज फोनमधून निघून कानात पोचायला वेळ लागतो, कितीतरी हेडफोनना सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. गाणी ऐकताना कोणाच्या लक्षात येणार नाही. पण ताशी ६० च्या बॉलसाठी सेकंदाचा पाचवा भाग म्हणजे तीन मीटरपेक्षा जास्त. अ‍ॅपच्या हिशोबात बॉल माझ्या अंगावर आलेला असायचा आणि मला तो तीन मीटर लांब ऐकू यायचा, सगळे गोल, अ‍ॅप म्हणे उशीर, उशीर, उशीर. शिवाय मान वळवली की आवाज मागून घसटत यायचा, दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागलं. मला वाटलं माझेच कान खरंच गेले. मग कंपनीच्या नंबरवर फोन केला तर ताईंनी पहिला प्रश्न हाच विचारला की हेडफोन वायरचे आहेत का. वायरचे घातले आणि त्याच दिवशी फरक. हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात, आणि अ‍ॅपमध्ये पहिल्याच वाक्यात मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं. आता बऱ्याच फोनना हेडफोनचं भोक नसतं त्यांनी टाइप-सीचा कन्व्हर्टर घ्यावा, शे-दोनशेला मिळतो, पण वायरच वापरा, ही माझी पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना.

दुसरी गोष्ट कान निवडायची. ही मला सगळ्यात आवडली आणि सगळ्यात जास्त वेळही हिनेच खाल्ला. आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं कसं, तर एका बाजूचा आवाज जवळच्या कानाला आधी पोचतो आणि लांबच्या कानाला उशिरा, पण तो उशीर फार झाला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच असतो, तेवढ्यावर मेंदू दिशा काढतो. बारीक, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांना डोक्याची सावली पडते म्हणून ते लांबच्या कानात कमी ऐकू येतात, तो दुसरा पुरावा. पण सरळ समोर आणि सरळ मागे, दोन्हीकडून दोन्ही कानांना सारखंच पोचतं, मग समोर की मागे कळायचं कसं? तिथे कानाची पाळी, म्हणजे बाहेरून दिसणारा सगळा कान, कामाला येते, तिच्या वळ्या-खोलग्यांवर आपटून आवाज थोडा बदलतो आणि तो बदल लहानपणापासून आपल्या ओळखीचा असतो. आणि पाळी प्रत्येकाची वेगळी, जसे बोटांचे ठसे वेगळे. अ‍ॅपमध्ये मात्र कोणातरी दुसऱ्याच्या कानांचं माप घेऊन आवाज बनवलेला असतो, म्हणजे मी दुसऱ्या कोणाचे तरी कान लावून ऐकणार. त्यांनी पाच वेगवेगळ्या कानांचे संच दिलेत, प्रत्येकात घुंगरू डोक्याभोवती फिरवतात आणि विचारतात आता कुठे आहे. पहिल्या संचात समोरचं सगळं मला मागून आल्यासारखं वाटत होतं. चौथा संच लागला तेव्हा घुंगरू खरोखर समोर जाऊन उभं राहिलं, मी हात पुढे केला त्याला लावायला. घाई करू नका, अर्धा तास द्या याला. आणि समोर-मागे घोटाळा झाला तर मान किंचित हलवा, लगेच सुटतो, डोळस लोकही अंधारात हेच करतात.

आता जागा. आमचं घर जुनं, पुढे पत्र्याची पडवी, आत माजघर कौलारू. मी आधी पडवीत बसले कारण तिथे मोकळं आहे, आणि नेमका त्या दिवशी असा पाऊस आला की पत्र्यावर कोणी खडी ओततंय. कोकणातल्या पत्र्याखाली जे राहिलेत त्यांना सांगायला नको, तिथे शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही तर घुंगरू कसलं. आवाज वाढवायचा मोह होतो आणि तो करू नका, कळकळीने सांगते. आपले कान हेच आपले डोळे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत असा आहे, त्याच्या वर गेलं की वेळ झपाट्याने कमी करावी लागते. मी तर पाऊस पत्र्यावर असेल तर प्रॅक्टिसच बंद ठेवते किंवा माजघरात जाते, कौलांवर पाऊस मऊ वाजतो, चालून जातं. अ‍ॅपमध्ये गर्दीचा आवाज, पंख्याचा आवाज घालायची सोय आहे, मी त्यांना पावसाचाही घाला म्हणून कळवलंय.

माजघरात मी सुतळी घेतली, जमिनीवर सरळ ताणली आणि वरून चिकटपट्टी मारली, कोर्टवर असतात तशाच उंचवट्याच्या रेषा, पायाला आणि हाताला लागतात. ९ मीटर काही माजघरात मावत नाही, चारच मावले. अ‍ॅप विचारतं तुमच्याकडे जागा किती, चार सांगितले तर फक्त विंगचा भाग देतं, जो माझाच आहे, त्यामुळे माझं काही अडलं नाही. आजी दाराशी बसून तांदूळ निवडता निवडता बघत असायची. तिला दिसायचं काय, तर नात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसलीय आणि मध्येच धाडकन आडवी पडतेय. "गो चेडवा, थंय कोण नाय, तू अडवतंस कोणाक?" मग एक दिवस तिच्या कानाला लावलं. दोन बॉल गेले, तिसऱ्याला ती खरोखर अंग चोरून मागे सरली, आणि म्हणाली, "ह्यां तर अंगावर येता गो." त्यानंतर माझी प्रॅक्टिसची वेळ झाली की मिक्सर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, हे घरात तिनेच ठरवून टाकलं, रेफ्रीपेक्षा कडक.

ड्रिल कशी असतात. सुरुवातीला सरळ बॉल, हळू. मग तिरका. मग उसळणारा, टप्प्यांमधलं अंतर ऐकून तो किती उंच उडेल ते ओळखायचं. मग दोन पासिंग करून तिसरीने टाकलेला, म्हणजे टाकायच्या आधी तिकडे बॉल एकीकडून दुसरीकडे सरकतो ते ऐकायचं, पावलं ऐकायची. हे शेवटचं ड्रिल मला सोन्यासारखं वाटलं. कारण खऱ्या मॅचमध्ये अर्धी बातमी बॉल सुटायच्या आधीच मिळते, टाकणारीची धाव किती पावलांची, बॉल जमिनीला कुठे टेकला, आणि हे कोणी बसवून शिकवत नाही, खेळता खेळता येतं. इथे तेवढंच वेगळं काढून शंभर वेळा ऐकता येतं. प्रत्येक बॉलनंतर अ‍ॅप सांगतं, डावीकडे कमी गेलात, किंवा उशीर झाला. पहिल्या महिन्यात माझी चूक जवळजवळ कायम एकाच बाजूची, डावीकडच्या बॉलला मी कमी जात होते. तीन वर्षं खेळून हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कोचसरांनी पण नाही, कारण मॅचमध्ये ते दिसतच नाही, तिथे सेंटर प्लेअर सावरून घेते. आता मी ऐकल्यावर मुद्दाम एक वीत जास्त जाते.

तक्रारी आता. पहिली, बॉल जमिनीवरून येतो पण कानात तो कपाळाच्या उंचीवर वाजतो. डावं-उजवं सुरेख, वर-खाली जवळजवळ नाहीच. यात कंपनीचा सगळा दोष म्हणता येत नाही, वर-खाली ओळखायला स्वतःच्याच पाळीची खूण लागते आणि इथे कान दुसऱ्याचे. पण मग तसं आधी सांगा. मला दोन आठवडे लागले सवय व्हायला, आणि भीती अशी की ही सवय खऱ्या कोर्टवर घेऊन गेले तर? दुसरी तक्रार मोठी होती. आडवं पडल्यावर आपलं डोकं पण आडवं होतं, एक कान जमिनीकडे एक छताकडे. जुलैपर्यंत सेन्सरला फक्त डावी-उजवी मान कळायची, डोकं कलंडलेलं कळत नव्हतं, त्यामुळे मी पडले की सगळं मैदान माझ्याबरोबर कलंडायचं आणि बॉल छतातून आल्यासारखा वाटायचा. गोलबॉलच्या ट्रेनिंगमध्ये हे राहून जावं म्हणजे बनवताना कोणी खेळाडू जमिनीवर पडलाच नाही असा अर्थ होतो. मी लांबलचक मेल केला, अजून दोघातिघांनीही केला असणार, ऑगस्टच्या अपडेटमध्ये बऱ्यापैकी सुधारलं. अजून एकदम झटक्याने पडलं तर क्षणभर गोंधळतं.

तिसरी तक्रार टॉकबॅकची, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या आवाजाची. अंध खेळाडूंसाठीचं अ‍ॅप आणि सेटिंगमध्ये बोट फिरवलं की फोन म्हणतो बटन, बटन, बटन. कसलं बटन? नावच दिलेलं नाही. वर्गणी भरायच्या पानावर तर मला भावाला बोलवावं लागलं आणि याचा मला फार राग आला, कारण मी माझं बँकेचं सगळं स्वतः करते. सूचनांचा आवाज इंग्लिश आणि हिंदीत आहे, मराठी यायचंय म्हणतात. माझं चालतं, पण आमच्याकडच्या शाळेतल्या लहान पोरांना देताना मराठी लागेलच. चांगली बाजू अशी की एकदा ड्रिल डाउनलोड केली की नेट लागत नाही. आमच्याकडे जुलैत दोन दिवस लाईट नव्हती, टॉवर पण गेला होता, तरी फोन गाडीत चार्ज करून मी प्रॅक्टिस केली.

खऱ्या बॉलशी जुळतं का हा खरा प्रश्न. माझ्याकडे एक जुना गोलबॉल आहे, टीमने दिलेला. गावच्या देवळाचा सभामंडप दुपारी मोकळा असतो, बाबांनी गावकऱ्यांना विचारलं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं, संध्याकाळी भजनाच्या आधी आवरायचं एवढीच अट. मावसभाऊ बॉल टाकायला आला. "थांब, लादी ओली आसा, आदी पुसून घेतंय," म्हणून त्याने अख्खा मंडप पुसला. पहिले चार-पाच बॉल मी ज्या सहजतेने अडवले तशी मी दोन वर्षांत खेळले नव्हते, दिशा बॉल सुटताक्षणी कळत होती. मग सव्वा किलो पोटात बसला आणि आठवलं की अंगाची सवय वेगळी असते. तीन महिने हवेतला बॉल अडवून पोट, मांड्या, हाताची कातडी सगळं मऊ पडतं. अ‍ॅपमध्ये बॉल लागत नाही ना. आडवं पडल्यावर बॉल अंगावरून उसळून मागे जाऊ नये म्हणून अंग कसं घट्ट धरायचं, हात कुठे, चेहरा कसा मागे वळवायचा, हे फक्त खऱ्या बॉलनेच येतं. म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी कोणाकडून तरी खरा बॉल टाकून घ्या. टाकणारा खेळाडू नसला तरी चालतो.

आणि मग ऑगस्टच्या शेवटी पुण्याला दोन दिवस गेले, टीमबरोबर. तिथे जे झालं ते नीट सांगते. सरळ बॉल, तिरके बॉल, उसळणारे, सगळ्यात मी मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी बरी होते, आमची सेंटर म्हणाली तू डावीकडे एवढी कधीपासून पोचायला लागलीस, तेव्हा घसा भरून आला. पण आमच्यातली एक जण फिरकी देऊन सोडते, तो बॉल गरगर फिरत येतो आणि घुंगरं आतल्या बाजूला दाबून बसल्यासारखी जवळजवळ वाजतच नाहीत, नुसती रबराची घसट ऐकू येते. तिचे पाचच्या पाच गेले. पाचही. कारण अ‍ॅपमधला बॉल कायम छान वाजतो. तीन महिने मी घुंगरू ऐकायला शिकले आणि घसट ऐकायची विसरले. हा दोष मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण मोठ्या मॅचमध्ये लोक मुद्दाम शांत बॉलच टाकणार.

अ‍ॅपमध्ये धावण्याचाही एक भाग आहे, समोर एक टिकटिक ठेवतात आणि तिच्या मागे सरळ धावायचं, तिरकं गेलात की टिकटिक एका कानाकडे सरकते. जागेवर धावून बघितलं, ठीक आहे. पण काही जण हे लावून रस्त्यावर किंवा किनाऱ्यावर धावायला जातील म्हणून लिहिते: बंद हेडफोन लावून बाहेर जाऊ नका. मी उन्हाळ्यात तोंडवळी-तळाशीलच्या पुळणीवर ओहोटीला धावते, भावाबरोबर, दोघांच्या हातात एक दोरी, शर्यतीत गाइड रनरबरोबर असते तशी. तिथे मला टिकटिक लागत नाही, समुद्र आहे. उत्तरेला धावताना गाज डाव्या कानात, परतताना उजव्या कानात, आणि दोन्ही कानांत सारखी वाटायला लागली की समजायचं आपण पाण्याकडे वळलो. सुरूच्या झाडांतून वारा दुसऱ्या बाजूने येतो. लाट फुटायची जागा बदलली की भरती लागल्याचं कळतं. हे सगळं बंद करून कानात टिकटिक घालायची म्हणजे असलेली वाट सोडून देणं. घालायचेच तर हाडावरून ऐकू येणारे हेडफोन घाला, ज्यात कान उघडे राहतात, आणि तरीही बरोबर माणूस हवाच. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साउंडस्केप नावाचं अ‍ॅप काढलं होतं ते पण याच तत्त्वावर, ठिकाणाच्या दिशेने आवाज ठेवायचं, पण ते वाट दाखवायला होतं, धावायला नाही. २०२३ मध्ये त्यांनी बंद केलं आणि कोड सगळ्यांना खुला केला. ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्या आपल्या मुलांनी यात हात घालावा असं मला फार वाटतं.

घ्यावं का? तुमच्या शहरात टीम असेल, कोर्ट असेल, तर आधी तिथे जा, हे नंतर. पण तुम्ही माझ्यासारखे गावात एकटे असाल, पावसाळा चार महिन्यांचा असेल आणि बॉल टाकायला कोणी नसेल, तर साडेचार हजार वाया जाणार नाहीत. एकदम नवीन खेळाडूने मात्र यावर सुरुवात करू नये, ज्याने खरा बॉल अंगावर घेतलेला नाही त्याला हे नुसता कानांचा खेळ वाटेल आणि पडायची पद्धत चुकीची बसेल. आईवडिलांना एक सांगते, बी-टू बी-थ्री मुलांना थोडं दिसतं म्हणून ती प्रॅक्टिसला फोनच्या स्क्रीनकडे बघतात, पट्टी बांधायला लावा, मॅचमध्ये पट्टीला हात लावला तरी पेनल्टी असते.

फिरकीच्या बॉलबद्दल मी कंपनीला कळवलं तर त्यांच्या इंजिनिअर सरांनी स्वतः फोन केला. म्हणाले असा शांत बॉल आमच्याकडे रेकॉर्डच केलेला नाही, तुम्ही करून द्याल का. माझ्या त्या मैत्रिणीला विचारलं, ती तयार आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला कोर्ट मिळतंय सकाळी दोन तास, तेव्हा गोलच्या दोन टोकांना दोन आणि मध्ये माझ्या जागेवर जमिनीलगत एक असे तीन फोन ठेवायचे, पंखे बंद, दारं बंद, आणि तिने पन्नास बॉल टाकायचे असं ठरलंय. जमिनीलगतचा फोन मी मुद्दाम सांगितला, कारण आमचा कान तिथेच असतो. ते अ‍ॅपमध्ये आलं की पुढच्या तीन महिन्यांची वर्गणी भरणार आणि इथेच खाली लिहीन, तिचे पाचातले किती अडले ते.